अपडाऊनवाल्यांचे विद्यापीठ

नागपूर विद्यापीठाची स्थापना ४ ऑगस्ट १९२३ ची. पण त्या तारखेमागचे कारण शोधायचे तर नागपूर सोडून अलाहाबादला जावे लागते. मायकेल सॅडलर यांच्या अध्यक्षतेखालच्या कलकत्ता विद्यापीठ आयोगाने १९१७ ते १९१९ या काळात हिंदुस्थानातल्या उच्च शिक्षणाची कसून झडती घेतली. दूरदूरच्या महाविद्यालयांच्या परीक्षा घेऊन पदव्या वाटणारी विद्यापीठे पुरे झाली, असा त्या आयोगाचा कल होता. शिक्षक आणि विद्यार्थी एका आवारात राहतील, शिकवण्याचे कामही विद्यापीठच करील, अशा निवासी विद्यापीठांवर त्याचा भर होता. लखनौ आणि ढाका त्याच वाऱ्यात उभी राहिली, आणि अलाहाबादनेही १९२१ च्या कायद्याने तीच वाट धरली. मध्य प्रांतातली महाविद्यालये, म्हणजे १८८३ चे हिस्लॉप, १८८५ चे मॉरिस, जबलपूरचे रॉबर्टसन, आधी कलकत्त्याला आणि मग अलाहाबादला जोडलेली होती. अलाहाबादने आपल्या आवारापुरते राहायचे ठरवल्यावर ही मंडळी उघड्यावर पडली. प्रांताला स्वतःचे विद्यापीठ हवे ही मागणी जुनीच होती, या अडचणीने तिला घाई आली. निवासी विद्यापीठाच्या आदर्शात जे बसत नव्हते त्यांच्यासाठी नागपूरचे विद्यापीठ निघाले, असे म्हटले तर ते फारसे चुकणार नाही.

विद्यापीठाला नावे ठेवताना हा जन्मवृत्तांत हमखास विसरला जातो. आवार विस्कळीत, वसतिगृहे अपुरी, तास संपला की बसस्टँड गाठणारे विद्यार्थी, आणि सगळा जीव परीक्षेत. ही लक्षणे ऱ्हासाची म्हणून सांगितली जातात, जणू विद्यापीठाच्या अमरावती रोडवरच्या आवारात कधी काळी ऑक्सफर्ड होते आणि ते आपण बुडवले. माझे म्हणणे उलटे आहे. विद्यार्थ्याने घर सोडून विद्यापीठात राहायला यावे अशी अट न घालता विद्यापीठानेच त्याच्या घराच्या जवळ सरकावे, हा या संस्थेचा मूळ धर्म होता. तिच्या शंभर वर्षांच्या इतिहासात जे काही भरीव घडले ते या दिशेने घडले. जिथे ती कमी पडली तिथे ती निवासी न झाल्यामुळे पडली नाही. ज्यांच्यासाठी ती होती त्यांचा दिवस कसा उगवतो आणि कसा मावळतो याची तिने नीट दखल घेतली नाही, म्हणून पडली.

सुरुवात सहा महाविद्यालये आणि ९२७ विद्यार्थी एवढ्यावर झाली. पहिले कुलगुरू सर बिपिन कृष्ण बोस हे बंगालमधून येऊन नागपुरात स्थिरावलेले वकील. कामाचा पसारा मात्र या आकड्यांच्या मानाने अवाढव्य होता. एकीकडे मराठी नागपूर-वऱ्हाड, दुसरीकडे हिंदी महाकोशल आणि छत्तीसगड, मध्ये सातपुड्याची रांग. एवढ्या मुलखाला एक आवार पुरे पडणे शक्यच नव्हते. त्यामुळे शिकवणे महाविद्यालयाने करायचे आणि अभ्यासक्रम, परीक्षा व पदवी विद्यापीठाने सांभाळायची, ही वाटणी परिस्थितीने लादलेली होती. त्या काळचा विद्यार्थी रोज अपडाऊन करत नव्हता, हे खरे. बालाघाटचा मुलगा नागपूरच्या महाल भागात एखाद्या नातेवाइकाकडे किंवा खोली घेऊन राही. पण विद्यापीठाच्या छपराखाली तोही राहत नव्हता. विद्यापीठाने स्वतः चालवलेल्या पहिल्यावहिल्या शाखेतही हीच तऱ्हा दिसते. विधी महाविद्यालय १९२५ चे; तिथे पुढे सरन्यायाधीश झालेले मोहम्मद हिदायतुल्ला १९३५ पासून काही वर्षे शिकवत होते, आणि त्याच वेळी वकिलीही करत होते. शिकवणाऱ्याचा दिवस कोर्टात जायचा, तो प्राध्यापक म्हणून विद्यापीठात मुक्कामाला नव्हता. लंडनचे बर्कबेक कॉलेज बरोबर शंभर वर्षे आधी, १८२३ मध्ये, दिवसा कामावर जाणाऱ्यांसाठी संध्याकाळचे वर्ग घेऊन निघाले होते. तिकडे त्याची परंपरा म्हणून वाखाणणी होते. आपल्याकडे तीच गोष्ट अपुरेपणा ठरली.

अंतर किलोमीटरचे असते तसे भाषेचेही असते. पंचविसाव्या वर्षी विद्यार्थिसंख्या नऊ हजारांच्या घरात गेली होती, आणि त्यातले किती तरी जण घरात इंग्रजीचा एक शब्द न ऐकता वाढलेले होते. स्वातंत्र्याच्या आगेमागे, कुंजीलाल दुबे कुलगुरू असताना, नागपूर विद्यापीठाने मराठी आणि हिंदी ही शिक्षणाची माध्यमे म्हणून स्वीकारली. देशातल्या बहुतेक विद्यापीठांत तेव्हा यावर नुसती चर्चा चालली होती. कोशकार डॉ. रघुवीर नागपुरातच बसून संस्कृतातून परिभाषा पाडत होते. त्यांच्या शब्दांची त्या काळी यथेच्छ टिंगल झाली, आणि खरे सांगायचे तर त्यातले काही शब्द टिंगलीलाच पात्र होते. पण कोश जड निघाला म्हणून धोरण चुकले असे होत नाही. वाणिज्य किंवा अर्थशास्त्र मातृभाषेत लिहिता येते म्हटल्यावर तालुक्याच्या गावातल्या मुलाला पदवीचा उंबरठा एका पायरीने उतरला. वर्ध्याच्या सेकसरिया महाविद्यालयाने १९४० पासून वाणिज्याचे शिक्षण हिंदीतून देण्याचा जो प्रयोग केला, तोही याच मातीतला. यावर आक्षेप असा, की त्यामुळे दर्जा उतरला आणि नागपूरची पदवी मुंबई-पुण्यात कमी लेखली गेली. कमी लेखली गेली हे मान्य. पण ज्या पदवीसाठी आधी घर आणि मग भाषा सोडावी लागते, तिचा दर्जा घेणारे मोजके असल्यामुळे वाढतो की शिकवल्यामुळे, हे आक्षेप घेणाऱ्यांनी कधी वेगळे करून दाखवलेले नाही.

निवासी, संपन्न, एका आवारातले विद्यापीठ करण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी १९३० मध्ये मृत्युपत्राने उपयोजित विज्ञानाच्या शिक्षणासाठी सुमारे ३५ लाख रुपये विद्यापीठाच्या स्वाधीन केले. त्या काळी ही रक्कम डोळे पांढरे करणारी होती. त्यातून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था उभी राहिली, आणि पुढची ऐंशी वर्षे विद्यापीठ कोणी पाहुणे आले की तिच्याकडेच बोट दाखवत राहिले. २०२३ मध्ये, विद्यापीठाच्या शताब्दीच्याच वर्षी, ती संस्था वेगळे विद्यापीठ होऊन बाहेर पडली. हा अपवाद नव्हता. १९०६ चे कृषी महाविद्यालय १९६९ मध्ये अकोल्याच्या कृषी विद्यापीठाकडे गेले. वैद्यकीय महाविद्यालये १९९८ नंतर आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे गेली. १९६० चे विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी महाविद्यालय २००२ पासून आपल्या पायावर उभे राहिले. रामटेकला संस्कृतचे स्वतंत्र विद्यापीठ १९९७ मध्येच झाले होते. ज्या ज्या शाखेजवळ आवार, वसतिगृह, प्रवेश परीक्षा आणि पैसा होता, ती संधी मिळताच निघून गेली. मागे उरले ते बीए, बीकॉम, बीएस्सी आणि चार जिल्ह्यांत पसरलेली पाचशेच्या आसपास महाविद्यालये. विद्यापीठाचा गाळ म्हणून जो भाग हिणवला जातो तोच त्याचा पाया निघाला. बाकीचे विद्यापीठाशिवाय चालू शकत होते, हा भाग चालू शकत नव्हता.

विद्यापीठाचे जे तुकडे पडले त्यांच्याकडेही याच नजरेने पाहिले पाहिजे. हिंदी भाषक जिल्हे सागर, जबलपूर आणि रायपूर इथल्या नव्या विद्यापीठांकडे गेले. सागरचे विद्यापीठ १९४६ मध्ये स्वतःच्या कमाईतून उभे करणारे हरिसिंग गौर हे आधी नागपूरचे कुलगुरू होते, ही नोंद घेण्यासारखी. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नागपूरची राजधानी गेली आणि विद्यापीठाचा प्रांतही आटला. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ वेगळे होऊन वऱ्हाड गेले, २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ होऊन चंद्रपूर आणि गडचिरोली गेले. प्रत्येक वेळी नागपुरात लचका तोडल्याची भाषा झाली. पण गडचिरोलीच्या टोकाच्या सिरोंच्याहून पाहा. सिरोंचा ते नागपूर अंतर तीनशे किलोमीटरच्या वर. गुणपत्रिकेत नावाची एक वेलांटी चुकली तर ती दुरुस्त करायला तिथल्या मुलाला जायचे एक दिवस, यायचे एक दिवस, आणि मध्ये महाराजबागेजवळच्या कचेरीत या खिडकीतून त्या खिडकीत. ज्या घरात मजुरीवर चूल पेटते त्या घराला हे तीन दिवस परवडत नाहीत. विभाजनाच्या मागे राजकारण होतेच, ते कुठे नसते? पण त्या मागणीला जनाधार मिळाला तो या खिडक्यांमुळे. नावाचीही एक गंमत झाली आहे. २००५ मध्ये विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव दिले गेले; महाराजांचे जन्मगाव यावली आणि मोझरीचा गुरुकुंज आश्रम ही दोन्ही ठिकाणे तोवर बावीस वर्षे अमरावती विद्यापीठाच्या हद्दीत होती.

अपडाऊन खऱ्या अर्थाने सुरू झाले ते एसटीने आणि त्याआधी रेल्वेने. इतवारी स्टेशनातून सुटणाऱ्या नॅरोगेज गाड्या उमरेड, भिवापूर, नागभीडकडे आणि सावनेर, छिंदवाड्याकडे रमतगमत जायच्या. काटोल, नरखेड, सिंदी, भंडारा रोड, तुमसर ही गावे रुंद मार्गांवर होतीच. साठच्या दशकात दुसरी गोष्ट घडली. गोंदियात मनोहरभाई पटेलांच्या संस्थेची, आनंदवनात बाबा आमट्यांच्या संस्थेची, वर्धा, भंडारा, चंद्रपूर, ब्रह्मपुरी इथे आणखी कोणाकोणाची महाविद्यालये निघाली, आणि नागपूरकडे तोंड करून बसलेला प्रवास उलटा फिरला. आता खेड्यातला मुलगा तालुक्याला जाऊन संध्याकाळी घरी परतू लागला. मुलींच्या बाबतीत तर हा फरक शिकणे आणि न शिकणे यातला होता. नागपूर शहरात १९३२ पासून मुलींसाठी वेगळे महाविद्यालय होते, तेच पुढे एलएडी कॉलेज म्हणून नावारूपाला आले. पण भिवापूर किंवा पवनीजवळच्या गावातल्या बापाला मुलगी वसतिगृहात ठेवण्याची तयारी नव्हती आणि ऐपतही नव्हती. दिवेलागणीच्या आत घरी येते म्हटल्यावर तो हो म्हणाला. वसतिगृहांच्या कितीही योजना काढल्या असत्या तरी हा होकार मिळाला नसता.

या विद्यार्थ्याचे खरे ओळखपत्र म्हणजे एसटीचा मासिक पास. महाविद्यालयाचा दाखला, अर्जावर प्राचार्यांची सही-शिक्का, चिकटवलेला फोटो, आणि अलीकडेपर्यंत डेपोच्या खिडकीशी दर महिन्याला रांग. भाड्यात दोनतृतीयांश सवलत मिळते. घर ते महाविद्यालय एवढ्याच मार्गावर तो चालतो, आणि चालतो तो साध्या गाडीत. सकाळची साधी गाडी रद्द झाली आणि मागून निमआराम आली, तर पास खिशात असूनही त्याला काही किंमत नाही. नागपुरातली किती तरी महाविद्यालये सकाळी सात-साडेसातला भरतात आणि दुपारी बाराच्या सुमाराला सुटतात, कारण पोराला दुपारी दुकानात, एमआयडीसीत किंवा शेतावर पोहोचायचे असते. ही वेळ कोणत्या आयोगाने सुचवलेली नाही. विद्यार्थ्यांनी आणि बसच्या वेळापत्रकाने मिळून ती ठरवली, महाविद्यालयांनी निमूट मान्य केली. विद्यापीठाच्या अध्यादेशातली ७५ टक्के हजेरी मात्र अशी लिहिलेली आहे, की जणू विद्यार्थी शेजारच्या इमारतीतून चालत येतो. २०२१ च्या ऑक्टोबरात करोनानंतर महाविद्यालयांची दारे उघडली आणि लगोलग एसटीचा संप सुरू झाला. तो पुढच्या एप्रिलपर्यंत रेंगाळला. शहरात त्या काळाची आठवण करोनाची म्हणून आहे, पण ज्यांच्याकडे दुचाकी नव्हती त्यांचे वर्ष टाळेबंदी उठल्यावरही एसटीने खाल्ले. नॅरोगेजचेही तसेच. छिंदवाड्याची गाडी २०१५ च्या अखेरीला आणि नागभीडची २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली. रूळ रुंद व्हायला हवेच होते, पण मधल्या वर्षांत त्या मार्गावरची मुले कशाने येतील, हा प्रश्न रेल्वेने विचारला नाही यात नवल नाही. विद्यापीठानेही विचारला नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप परीक्षेचा. केवळ परीक्षा घेणारी संस्था म्हणजे विद्यापीठ नव्हे, हे सॅडलर आयोग म्हणाला, १९४८-४९ चा राधाकृष्णन आयोगही परीक्षापद्धतीवर तुटून पडला, आणि १९९९ मध्ये नागपुरात बोगस गुणपत्रिकांचा घोटाळा उघडकीला आला तेव्हा टीकाकारांना आणखी पुराव्याची गरजच उरली नाही. त्या घोटाळ्याने इथल्या प्रामाणिक पदवीधरांच्या एका पिढीला मुलाखतीत खाली मान घालायला लावली. त्याचे समर्थन कोणी करू नये. पण त्याचे निदान काय करायचे? जी संस्था विद्यार्थ्याला वर्षातून दोनदाच भेटते, तिची सगळी पत त्या दोन भेटींत असते. खासगी परीक्षार्थी म्हणून बीए, एमए झालेल्या शिक्षकाला, तलाठ्याला, संसार सांभाळून अभ्यास करणाऱ्या बाईला विद्यापीठाने दिले काय, तर एक प्रश्नपत्रिका, एक निःपक्ष तपासणी आणि वेळेवर निकाल. एवढेच देणे लागत असताना तेही नासवले, म्हणून गुन्हा मोठा. परीक्षा हे क्षुद्र काम मानणाऱ्यांनीच ते कारकुनांवर आणि नंतर कंत्राटदारांवर सोपवले. परीक्षा विभाग हा अशा विद्यापीठाचा कणा आहे असे मानून तिथे उत्तम माणसे बसवली असती, तर काय झाले असते याचा विचार निवासी विद्यापीठाच्या स्वप्नात रमलेल्यांनी केला नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त अवघड वाटतो. अपडाऊनचे कौतुक करणे म्हणजे गरिबीलाच गुण ठरवणे नव्हे काय? दलित विद्यार्थ्यांच्या शिक्षणात वसतिगृहांनी काय केले हे नागपूरला सांगायला नको. चोखामेळा वसतिगृहाचे नाव इथल्या आंबेडकरी चळवळीपासून वेगळे काढता येत नाही. भाड्याने खोली मागितली की आधी आडनाव विचारले जाई, त्या शहरात वसतिगृह ही चैन नव्हती. घरी राहून शिकणे म्हणजे घरची कामे, दहा बाय दहाची खोली आणि जातीची वस्ती यांतच राहून शिकणे, हेही खरे. म्हणून वसतिगृहे हवीतच, आहेत त्याच्या कित्येक पट हवीत. दीक्षाभूमीवर १९६४ मध्ये डॉ. आंबेडकर महाविद्यालय निघाले. उत्तर नागपुरातल्या, गिरणीकामगारांच्या वस्त्यांतल्या मुलामुलींना घरून सायकलने किंवा पायी येता येईल असे ते ठिकाण होते. चळवळीने वसतिगृहही काढले आणि घरून येणाऱ्यांसाठी महाविद्यालयही काढले, तिला या दोन्हींत विरोध दिसला नाही. विरोध शासनाच्या कागदांत आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला स्वाधार योजनेतून बाहेर राहण्या-जेवण्याचा खर्च मिळतो, ही योजना चांगलीच आहे. पण रामटेकहून रोज पन्नास किलोमीटर येऊन पन्नास किलोमीटर परत जाणारा त्या कागदावर कुठेच नाही. तो घरी राहतो, म्हणजे त्याला खर्च नाही, असा हिशेब. त्याचे दिवसाचे तीन-चार तास कोणत्या रकान्यात लिहायचे?

महाविद्यालये काढली ती शिक्षणसंस्थांनी, मग श्रेय विद्यापीठाला कसे, असेही विचारले जाते. श्रेय संस्थांनाच द्यावे, आणि ऐंशीच्या दशकानंतर त्यातल्या काहींनी जे दुकान मांडले त्याचे अपश्रेयही त्यांनाच द्यावे. विद्यापीठाकडे उरते ते संलग्नता देण्याचे किंवा नाकारण्याचे काम. ते त्याने फार ढिलाईने केले.

आता २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने संलग्नतेची पद्धतच पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवायचे ठरवले आहे. महाविद्यालये स्वायत्त होतील, पदव्या स्वतः देतील, किंवा मोठ्या बहुशाखीय विद्यापीठांत विलीन होतील. शंभर वर्षांनी सॅडलर पुन्हा आला आहे, तोही आधीपेक्षा जास्त ताकदीने. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांत जी महाविद्यालये स्वायत्त होऊ शकतील ती बहुतेक शहरातली असतील. ज्यांना ते जमणार नाही ती देवरी, सालेकसा, आर्वी, भिवापूरकडची. बहुशाखीय म्हणजे विषयांची निवड भरपूर, आणि निवड भरपूर म्हणजे तास सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत विखुरलेले. मधल्या दोन रिकाम्या तासांत वसतिगृहातला मुलगा खोलीवर जाऊन पडेल. सालेकशाचा मुलगा मात्र त्या दिवशी सकाळचा तास धरेल किंवा दुपारचा, आणि त्याच्या मुख्य विषयाचा तास कोणत्या वेळी लागतो यावर तो काय शिकला हे ठरेल. अलाहाबादने १९२१ मध्ये ज्यांना बाहेर काढले त्यांच्यासाठी दोन वर्षांत दुसरे विद्यापीठ उभे राहिले होते. या वेळी आराखड्यात तशी तरतूद नाही. आणि जवळ आलेले विद्यापीठही किती जवळ असते, हे गोंडवानाच्या हद्दीत पाहावे: गडचिरोलीला स्वतंत्र विद्यापीठ झाल्यावरही सिरोंच्याच्या मुलाला वेलांटी दुरुस्त करायला आजही सुमारे दोनशे किलोमीटर जावे लागते.